मुलांचे वाढते वजन आणि मनावरचे ओझे

आपल्याकडे सुदृढ बालक स्पर्धांची परंपरा जुनी आहे. नगरपालिकेच्या दवाखान्यात किंवा गणपतीच्या मांडवात या स्पर्धा भरत आणि पहिला नंबर बहुधा मनगटाला वळ्या पडलेल्या बाळाला मिळे. ज्या काळात जुलाब आणि कुपोषणाने घरोघरी मुले दगावत, त्या काळात हे कौतुक स्वाभाविकच होते. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे वाक्य आजही आपण आनंदानेच उच्चारतो. परंतु हेच बाळ दहा-बारा वर्षांचे होते, गणवेशाची बटणे लागेनाशी होतात, आणि मग कालपर्यंत गाल ओढणारे नातेवाईकच म्हणू लागतात, ‘अरे, जरा आवर आता!’

मग आईवडील मुलाला घेऊन दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, याचं थायरॉइड तपासा.’ ‘भूक कमी व्हायची काही गोळी आहे का?’ ‘बघा ना, दिवसभर लोळत असतो, मोबाइल हातातून सुटत नाही.’ तक्रारींचा पाढा चालू असतो आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे ते मूल स्टुलावर मान खाली घालून शर्टाचे टोक ओढत बसलेले असते. त्याला झोप लागते का, शाळेत मित्र आहेत का, रडू येते का, हे कोणी विचारीत नाही. वजनाचा काटा सर्वांना दिसतो, मन दिसत नाही. आजच्या लेखात या दोहोंचा संबंध पाहू.

आधी थोडे आकड्यांविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात पाच वर्षांखालील वजन जास्त असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. दुसरीकडे, बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार. हे दोन गट वेगवेगळे असतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते एकमेकांत बरेच मिसळलेले असतात.

स्वीडनमध्ये लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या १२,००० हून अधिक मुलांची तुलना इतर मुलांशी करण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लठ्ठ मुलींना चिंताविकार किंवा नैराश्य होण्याचा धोका इतर मुलींपेक्षा ४३ टक्क्यांनी, तर मुलग्यांना ३३ टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. घरची आर्थिक स्थिती आणि आईवडिलांचे मानसिक आजार हिशेबात धरूनही हा फरक उरला. आता कोणी म्हणेल, वजन वाढले म्हणून मूल उदास झाले, यात नवल ते काय? पण गाडी उलट दिशेनेही धावते. अमेरिकेत सातवी ते बारावीच्या ९,००० हून अधिक विद्यार्थ्यांना वर्षभराच्या अंतराने दोनदा तपासण्यात आले (हा अभ्यास २००२ चा). पहिल्या तपासणीच्या वेळी ज्यांचे मन उदास होते, त्यांच्यात वर्षानंतर लठ्ठपणाचे प्रमाण जास्त आढळले. सुरुवातीला जी मुले लठ्ठ नव्हती त्यांच्यातसुद्धा. म्हणजे काही मुलांत उदासी आधी येते आणि वजन मागून. आईवडिलांच्या नजरेत मात्र वजनच आधी भरते.

मन उदास असले की वजन का वाढावे? मोठ्या माणसाच्या नैराश्यात बरेचदा भूक मरते, हे आपण पाहिलेले असते. मुलांमध्ये आणि विशेषतः वयात येणाऱ्या मुलींमध्ये कित्येकदा उलटे घडते. भूक वाढते, गोड आणि तळलेले खावेसे वाटते, झोप जास्त येते किंवा वेळी-अवेळी येते, अंग जड वाटते, खेळायला जावेसे वाटत नाही. गोड खाल्ल्यावर मेंदूला घटकाभर बरे वाटते हे खरेच आहे. ते बरे वाटणे लवकर ओसरते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. त्यात रात्रीची झोप कमी झाली, तर भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ‘पोट भरले’ असा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन कमी होते. रात्री एक वाजेपर्यंत पांघरुणात मोबाइल पाहणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागते ती अशी. त्याला खादाड म्हणून काय उपयोग?

चंचल, एका जागी न बसणाऱ्या मुलांविषयीही एक गैरसमज आहे. ‘एवढा उड्या मारतो, याचं वजन कसं वाढेल?’ असे वाटते. पण अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव हा आजार असलेल्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण कमी नसून जास्त असते. त्यांना खाण्यावरही ताबा ठेवता येत नाही. समोर फरसाणाची पिशवी आली की ती संपेपर्यंत हात थांबत नाही.

आता वजनाकडून मनाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा मुलांची चित्रे दाखवण्यात आली. एक धडधाकट, एक कुबड्या घेतलेले, एक चाकाच्या खुर्चीत, एकाला हात नाही, एकाचा चेहरा विद्रूप आणि एक लठ्ठ. ‘कोण सर्वांत जास्त आवडते ते क्रमाने सांगा,’ असे विचारले. लठ्ठ मूल शेवटी आले. चाळीस वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा ही नावड आणखी वाढलेली आढळली. परदेशातले आहे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत दहा मिनिटे उभे राहा. जाड्या, ढोल्या, भोपळा, हत्ती, टुणटुण ही नावे कानावर येतात की नाही ते पाहा. घरीही हेच चालते. काका गमतीने म्हणतात, आजोबा टोपणनाव ठेवतात, लग्नकार्यात पंगतीला बसलेल्या मुलाच्या ताटातली जिलेबी कोणीतरी हसत हसत उचलते. बाकीचे हसतात, मूलही हसते. ते हसते म्हणून त्याला लागले नाही असे समजू नये.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांतील दोन उदाहरणे सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडा बदल केला आहे. नववीतला एक मुलगा दर उन्हाळ्यात मित्रांबरोबर विहिरीवर पोहायला जात असे. एका वर्षी त्याने जाणे बंद केले. वडिलांना आनंद झाला. दहावी जवळ आली, पोरगा शहाणा झाला! मे महिन्याच्या उकाड्यातही तो अंगातले जर्किन काढीत नव्हता, याची मात्र कोणाला शंका आली नाही. वजनामुळे छाती मुलींसारखी दिसते, यावरून मित्रांनी त्याची भर विहिरीवर टर उडवली होती. त्या दिवसापासून मैदान सुटले, सायकल सुटली, आणि सहा महिन्यांत सात किलो वजन वाढले. दुसरी एक मुलगी. तिने सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास धरायला सुरुवात केली. आजीला नातीच्या भक्तीचे फार कौतुक. उपवास कडक, दिवसभर पाण्यावर; आणि रात्री सगळे झोपल्यावर लाडवांचा डबा रिकामा. त्यानंतर पश्चात्ताप, घशात बोट घालून उलटी, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी उपवास. हा मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दिवसभर पोट मारले की रात्री बांध फुटतो. उपासमार जितकी कडक, तितका हा फेरा घट्ट. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाला कोणाच्या सांगण्यावरून, मोबाइलवर पाहून किंवा जाहिरातीतली भुकटी आणून ‘डाएट’वर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

मुलांचे नैराश्य ओळखणे अवघड जाते, कारण मूल ‘मी उदास आहे’ असे सांगत नाही. ते चिडते. उलट उत्तरे देते, धाकट्या भावंडाला मारते. सोमवारी सकाळी नेमके पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही. गुण घसरतात, मित्र घरी येईनासे होतात, पीटीच्या तासाला डोके दुखते. पूर्वी आवडणारी गोष्ट, मग ती चित्रे काढणे असो वा क्रिकेट, नकोशी होते. असे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ रोजच चालू असेल, तर त्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. आणि ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘मला जगायचंच नाही’ अशा अर्थाचे काही मूल बोलले, लिहिले, तर ते नाटक समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, मुलाला एकटे सोडू नये, आणि घरातली फवारणीची औषधे व गोळ्या कुलपात ठेवाव्यात. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते येईल, ही भीती निराधार आहे. विचारल्याने मूल मोकळे होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मुख्यतः निवडला, ती औषधांची गोष्ट. मानसिक आजारांवरील आणि फिट्सवरील काही औषधांनी वजन वाढते, हे खरे आहे. ओलॅन्झापिन, रिस्पेरिडोन ही औषधे भ्रम-भास होणाऱ्या गंभीर आजारांत देतात. रिस्पेरिडोन स्वमग्न मुलांच्या टोकाच्या चिडचिडीसाठीही वापरतात. व्हॅलप्रोएट हे फिट्ससाठी देतात. या औषधांनी काही मुलांची भूक एवढी वाढते की जेवून उठल्यावर अर्ध्या तासात ती पुन्हा मागतात. वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत.

मग काय होते? मुलाचा आजार आटोक्यात येतो, ते शाळेत जाऊ लागते, आणि घरी आलेला पाहुणा म्हणतो, ‘गोळ्यांनी फुगलाय हो पोरगा, सवय लागेल, बंद करा.’ गोळ्या बंद होतात. सुरुवातीला काही बिघडत नाही, उलट मूल तरतरीत दिसते. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार पुन्हा डोके वर काढतो, कधी पहिल्यापेक्षा जोराने. फिट्सचे औषध एकदम तोडले, तर फिट्स एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते. ‘वजन वाढले म्हणून आम्हीच बंद केले’ हे वाक्य मी वर्षातून कितीतरी वेळा ऐकतो. माझ्या मते मानसिक उपचारांना आपल्या भागात सर्वांत मोठी खीळ घालणारे हेच वाक्य आहे.

वजनाची तक्रार खोटी नसते. ती घेऊन औषध देणाऱ्या डॉक्टरांकडेच जावे. त्यांच्या हातात पर्याय असतात. मात्रा कमी करता येते, कमी वजन वाढवणारे दुसरे औषध हळूहळू सुरू करता येते, काही मुलांना वजन रोखणारे जोडीचे औषध देता येते. औषध सुरू करतानाच मुलाचे वजन, उंची, कमरेचा घेर मोजून ठेवावा, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करावी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. त्यात संकोच कसला? व्हॅलप्रोएट वयात आलेल्या मुलीला चालू असेल, तर त्याविषयी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण त्याने पाळीच्या तक्रारी वाढू शकतात आणि पुढे गरोदरपणात गर्भाला धोका असतो.

याच्या उलट एक औषध आहे, ज्याची कोणी चौकशी करीत नाही. ‘भूक लागत नाही’ म्हणून लहानपणी आणलेले सायप्रोहेप्टाडिनचे सिरप. मुळात हे ॲलर्जीवरचे औषध, त्याने गुंगी येते आणि भूक वाढते. दुकानातून बाटलीमागून बाटली आणली जाते आणि दोन वर्षांनी तेच मूल सुस्त व जाड झाले म्हणून दाखवायला आणतात. तसेच दम्यावरच्या किंवा अंगदुखीवरच्या बेनामी पुड्या. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने चेहरा चंद्रासारखा गोल होतो, वजन वाढते आणि मनही बिघडते. पण या पुड्याही एकदम बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टरांना पुडी दाखवून मगच काय ते करावे.

थायरॉइडविषयी एक खूण सांगून ठेवतो. केवळ जास्त खाण्याने व कमी हालचालीने जाड झालेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. जाड आहे आणि उंचीही खुंटली आहे, शाळेतल्या रांगेत मागून पुढे येत चालले आहे, अशा मुलाची थायरॉइड व इतर ग्रंथींची तपासणी अवश्य करावी. थायरॉइड कमी असेल, तर सुस्ती व उदासीही येते आणि रोजच्या साध्या गोळीने दोन्ही सुधारतात. मानेवर काळा, मखमलीसारखा पट्टा दिसत असेल, तर तो मळ नव्हे. उटणे लावून घासू नका, मूल ओशाळते आणि पट्टा जात नाही. शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नसल्याची ती खूण असते; साखर तपासून घ्यावी. वजन जास्त की नाही हे ठरवताना मोठ्या माणसांचे आकडे मुलांना लावू नयेत. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी वय व लिंगानुसार तक्ते तयार केले आहेत, ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात.

घरी काय करावे? पहिली गोष्ट, टोपणनाव आजपासून बंद. मामा-काकांनाही तशी ताकीद द्यावी. एका मुलाचे ताट वेगळे करू नये. भावाला वेफर्स आणि हिला काकडी, असा न्याय मुलीच्या मनात घर करून बसतो. जे आणायचे नाही ते कोणासाठीच आणू नये. थंड पेयाच्या ३०० मिलिलीटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, तेव्हा सुरुवात तिथून करायला हरकत नाही. भाकरी, आमटी, भाजी, शेंगदाणे, ताक यांत कमी काहीच नाही. वाढत्या मुलाचे वजन उतरलेच पाहिजे असेही नाही. बऱ्याच मुलांत वजन आहे तिथे थोपले आणि उंची वाढत गेली, की शरीर आपोआप ताळ्यावर येते. म्हणून काट्यावर रोज उभे करू नका, महिन्यातून एकदा पुरे.

झोप सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि त्यापुढे अठरापर्यंत आठ ते दहा तास हवी. दोन शिकवण्या आणि गृहपाठ यांतून ती मिळत नसेल, तर एक शिकवणी सोडण्याचा विचार करावा. हे माझे मत अनेक पालकांना रुचत नाही, याची कल्पना आहे. रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. पण ज्याची टर उडवली गेली आहे, त्याला ‘जा, मैदानावर पळ’ म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच जागी ढकलणे. त्याच्याबरोबर आधी वडिलांनी पहाटे चालायला जावे, सायकल काढावी. विहिरीवर न जाणाऱ्या त्या मुलाने सुरुवात केली ती अशीच. सोबत समुपदेशन चालू होते. वजन वर्षभरात फार उतरले नाही, तीनच किलो. पण मुलगा पुन्हा मित्रांत जाऊ लागला, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते.

शिक्षकांना एक विनंती. आरोग्य तपासणीच्या दिवशी वजनाचा आकडा वर्गासमोर मोठ्याने पुकारू नये. आणि पीटीचा तास गणिताला देऊ नये.

मदत कुठे मिळेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीला येतात, त्यांना मुलाच्या मनाच्या तक्रारीही सांगाव्यात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले म्हणजे गोळ्याच सुरू होतात असेही नाही. सौम्य नैराश्यात आधी मुलाशी व कुटुंबाशी बोलून, विचारांच्या सवयी बदलूनच उपचार केले जातात.

पहिल्यांदा दाखवायला जाताना मुलाच्या जुन्या वजन-उंचीच्या नोंदी, चालू असलेल्या सर्व गोळ्या, सिरपच्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. तक्रारी सांगून झाल्या की डॉक्टरांना मुलाशी पाच-दहा मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.